लिंकांची वही आपली आपण बांधा

फोन उघडा आणि व्हॉट्सॲपवर तुम्ही स्वतःच स्वतःला पाठवलेले निरोप बघा. पोलीस भरतीची जाहिरात, सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा नमुना, महाडीबीटीचं पान, 'महत्त्वाचे, जपून ठेवा' असं लिहून कुणीतरी पुढे ढकललेला शासन निर्णय, वडशाकडच्या एखाद्या झाडीपट्टी नाटकाचा व्हिडिओ, ताडोबातल्या वाघांवरचा लेख. आता त्यातला मागच्या उन्हाळ्यातला शासन निर्णय शोधून काढा. अंगठा दुखेस्तोवर पडदा सरकवावा लागेल. लिंक सापडलीच तर ती कशाची होती हे तिच्या तोंडावरून कळणार नाही, आणि उघडावी तर पान अस्तित्वात नाही असं इंग्रजीत उत्तर येईल.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत ज्याला संगणकाची थोडी गोडी आहे, त्याने आपल्या लिंका ठेवायचं छोटंसं साधन आपल्या हाताने बनवावं. एमएस-सीआयटी करून पुढे काय म्हणून बसलेला पोरगा असो, प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षातली पोरगी असो, निवृत्त गुरुजी असोत. ते विकायचं नाही, स्पर्धेत मांडायचं नाही. स्वतःच्या वापरासाठी, हौसेने करायचं. ज्याला प्रोग्रामिंग येत नाही त्याने साधी फाईल ठेवावी. तीही पुष्कळ आहे. त्या साधनाला मी लिंकांची वही म्हणतो.

'काहून बापा, गूगल आहे ना?' हा प्रश्न येतोच. आहे ना. पण गूगल सगळं जग शोधतं, आणि तुम्हाला हवं असतं तुम्ही एकदा वाचलेलं, पटलेलं, उपयोगाचं म्हणून बाजूला काढलेलं एकच पान. ते त्या दिवशी वरच्या ओळीत होतं; आज त्या जागी जाहिरात आहे. शिवाय पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी जायला लागलं की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि रस्त्यासोबत कधी नेटवर्कही. अशा वेळी तुमच्या हाताशी जे असेल तेच तुमचं.

'मग तयार ॲप वापरू', हा दुसरा प्रश्न. वापरा, पण त्यांचा इतिहास ऐकून घ्या. लिंका साठवायची डिलिशस नावाची सेवा २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केली. एके काळी जगभर तिचं नाव होतं. २००५ मध्ये याहूने ती विकत घेतली, मग ती या हातातून त्या हातात फिरत राहिली, आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड नावाच्या, एकाच माणसाने चालवलेल्या छोट्या सेवेने ती विकत घेऊन नवीन नोंदी बंद केल्या. मोठ्याला छोट्याने गिळलं, ते का, हे विचार करण्यासारखं आहे. गूगलचीही बुकमार्कची वेगळी सेवा होती. ती सप्टेंबर २०२१ मध्ये बंद झाली. 'नंतर वाचू' म्हणून लोक ज्यात लेख टाकत ते पॉकेट मोझिलाने जुलै २०२५ मध्ये बंद केलं. या कंपन्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. मुदत दिली, आपापला डेटा उतरवून घ्या म्हणाल्या. पण ती सूचना ईमेलवर येते, आणि आपल्यापैकी किती जण ईमेल उघडतात?

तुमचं साधन शाबूत राहिलं तरी लिंक ज्या पानाकडे नेते ते पान टिकेल याची हमी कुणाचीच नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं आढळलं की २०१३ साली जी पानं जालावर होती, त्यांतली ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. सरकारी संकेतस्थळांची घरं सारखी बदलतात. जिल्ह्यांची संकेतस्थळं एनआयसीच्या पत्त्यावरून गव्ह-इनच्या पत्त्यावर गेली तेव्हा जुन्या पत्त्याने दिलेल्या कित्येक लिंका लटकल्या. चंद्रपूरची गंमत तर वेगळीच. जिल्ह्याचं नाव १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं, तरी जिल्ह्याच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात कित्येक वर्षं 'चांदा'च होता, जसा तो चांदा फोर्ट स्टेशनच्या पाटीवर आहे. बाहेरगावच्या माणसाला तो पत्ता अंदाजाने कधी सापडला नसता.

म्हणून नुसती लिंक ठेवू नका. लिंक म्हणजे पानाचा आजचा पत्ता. तिच्यासोबत पानाची कायमची ओळखही लिहून ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या अलीकडच्या शासन निर्णयांच्या शेवटी एक ओळ असते: हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो आकडा अठरा अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो आकडा टाकला की कागद समोर येतो, मग तुमच्याकडची लिंक कुठल्या का काळातली असेना. माझ्या मते आपल्या दोन जिल्ह्यांतल्या माणसाच्या वहीत सगळ्यांत मोलाचा रकाना कुठला असेल तर हा. शिक्षक, ग्रामसेवक, आशाताई, रोजगार सेवक, सगळ्यांचं काम शासन निर्णयावर अडतं आणि सुटतंही त्याच्यावरच.

संशोधनाच्या लेखांना अशीच ओळख असते, तिला डीओआय म्हणतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या गावांमध्ये घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचा लेख डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळाची रचना त्यानंतर किती वेळा बदलली असेल! पण लेखाचा डीओआय टाकला की आजही तोच लेख उघडतो. नर्सिंगच्या, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं हे संशोधन कुठल्याशा बातमीच्या लिंकेवरून वाचायचं आणि ती बातमी गायब झाली की हळहळायचं, याला अर्थ नाही.

काही पानांची लिंक मात्र ठेवताच येत नाही. महाभूलेखवर गट नंबर टाकून सातबारा काढलात आणि वरचा पत्ता उचलून ठेवलात, तर दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला पहिल्या पानावर आणून सोडेल, कारण ते पान तुमच्या त्या वेळच्या शोधापुरतं तयार झालेलं होतं. तिथे गाव, तालुका, गट नंबर लिहून ठेवायचा आणि पंधरा रुपये भरून मिळणाऱ्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची पीडीएफ सोबत ठेवायची.

आता नोंदीत काय लिहावं याबद्दल. पत्ता, पानाचं शीर्षक, नोंदीची तारीख, असेल तर संकेतांक. एवढं सगळे ठेवतात, किंवा साधन आपोआप ठेवतं. पण वही उपयोगी होते ती तुमच्या स्वतःच्या दोन ओळींमुळे: यात काय आहे आणि मी हे कशासाठी ठेवलं. 'बांबू जीआर' असं लिहू नका. 'ग्रामसभेने बांबू विकला तर वाहतूक पास कोण देतो, पान ३ वर आहे', असं लिहा. दोन वर्षांनी तुम्ही शोधाल तेव्हा 'जीआर' या शब्दाने शोधणार नाही, 'पास कोण देतो' या प्रश्नाने शोधाल. ज्या शब्दांत प्रश्न पडेल त्याच शब्दांत नोंद करावी. आणि हे पान कुणी सांगितलं तेही लिहावं, म्हणजे पुढे शंका आली तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं असतं.

दोन ओळींचा हट्ट धरायला आणखी एक कारण आहे, आणि ते मराठी वाचणाऱ्यांच्याच वाट्याला आलेलं आहे. आपले कितीतरी जुने सरकारी कागद नुसते स्कॅन केलेले आहेत; संगणकाला ते फोटोसारखे दिसतात, त्यातलं अक्षर त्याला कळत नाही. उरलेले पुष्कळसे कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. डोळ्याला मराठी दिसतं, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि खुणांचा नुसता चिवडा येतो, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी कळीच्या जागी बसवलेलं असतं. पानाच्या आतला मजकूर शोधून देणारी परदेशी साधनं इथे आंधळी होतात. तुमच्या दोन ओळी युनिकोडमध्ये असतील, तर त्या कागदाला संगणकापुढे तोंड फुटतं.

मराठीत असलं काम संगणकाशिवाय झालेलं आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची जवळजवळ एकहाती केली, आणि मग १९३८ ते १९५० चा दुसरा खंड. ग्रंथालयं हिंडायचं, पुस्तक प्रत्यक्ष बघायचं, नोंद करायची. आजही जुनं मराठी पुस्तक होतं की नव्हतं हे ठरवायला अभ्यासक दात्यांचे खंड उघडतात. त्यातल्या कित्येक पुस्तकांची प्रत आज हाती लागायची नाही, पण नोंद आहे म्हणून पुस्तक होतं हे आपल्याला ठाऊक आहे.

आणखी एक रकाना ठेवा, जो तयार ॲपमध्ये मी कुठे पाहिलेला नाही: 'याच्या जागी नवीन काय आलं'. उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. त्या नियमांत ६ सप्टेंबर २०१२ रोजी मोठी दुरुस्ती झाली, आणि गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल हे त्यात स्पष्ट झालं. पण २००८ च्या नियमांच्या पीडीएफ अजूनही जालावर फिरताहेत, मराठी भाषांतरासकट. तुमच्याकडे जुनी असेल आणि समोरच्या बाबूकडेही जुनीच असेल, तर दोघंही प्रामाणिकपणे चुकीचं बोलाल. पेसाचंही तसंच: केंद्राचा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. नुसतं 'पेसा' लिहून ठेवलेली लिंक यांतल्या कशाची, हे सहा महिन्यांनी कुणी सांगावं? जुनी नोंद खोडू नका. तिच्यापुढे नव्या नोंदीचा क्रमांक टाका. जुना कागदही लागतो, कारण २०१० सालचा निर्णय २०१० च्या नियमानेच तपासावा लागतो.

कागद हातात असल्याने काय होतं हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं. ग्रामसभेचे नेते देवाजी तोफा यांचं हे गाव. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे असं लिहिलेलंच होतं, तरी बांबू वाहून न्यायचा परवाना ग्रामसभेच्या हातात यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले होते. मधल्या काळात गावाने काय केलं? अभ्यास. मेंढ्याचा अभ्यासगट नुसता नावाला नव्हता. आधी एखादा विषय घेऊन बसायचं, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा, अशी ती पद्धत. त्या काळात कागद झेरॉक्सने फिरत. आज गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव असो की कोरचीतली एखादी ग्रामसभा, कागद लिंकेने फिरतात, आणि झेरॉक्सला निदान फाईल तरी असायची.

तर आता साधन बनवायला बसू.

पहिल्या दिवशी प्रोग्राम लिहू नका. एक साधी मजकुराची फाईल किंवा स्प्रेडशीट घ्या आणि पंचवीस-तीस नोंदी हाताने करा. आपल्याला खरोखर कुठले रकाने लागतात ते त्यातूनच कळतं. बहुतेक जण उलटं करतात: रंगीत पडदे, लॉगिन, वीस प्रकारची वर्गवारी आधी, नोंद नंतर. मग पडदे तयार होतात आणि नोंद एकही नसते. एकट्याने वापरायच्या साधनाला लॉगिन कशाला हवं? संगणक तुमचा, दार लावलेलं आहे.

मग साठवण. पायथॉन शिकलेल्याला एस्क्यूलाइट हाताशीच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. सगळा डेटा एका फाईलमध्ये राहतो. ती फाईल उचलून पेन ड्राइव्हवर टाकली की झालं. ज्याला फक्त एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येतं, त्यानेही एका पानात सगळं बसवावं. पण एक सावधगिरी: ब्राउझरच्या पोटातच साठवायची जी सोय असते तिच्यावर विसंबू नका. फोनची जागा भरली, कुणीतरी 'क्लिअर डेटा' दाबलं, की ब्राउझरसोबत तुमची वहीही साफ. 'फाईलमध्ये उतरवा' असं एक बटण पहिल्याच आठवड्यात करा. ब्राउझरमध्ये आधीपासून साठवलेले बुकमार्क एका एचटीएमएल फाईलमध्ये बाहेर काढता येतात. त्या फाईलच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचं नाव असतं. तो ब्राउझर मरून वर्षं झाली, त्याच्या फाईलची रीत सगळे अजून पाळतात. तुमच्या साधनाला ती फाईल वाचता आली की जुनं सगळं आत आलं.

वर्गवारीच्या नादी फार लागू नका. 'शेती' आणि 'कृषी' आणि 'धान' असे तीन कप्पे होतात आणि तुम्ही चौथ्यात शोधता. सुरुवातीला एकच चौकोन पुरे: शब्द टाका, जुळणाऱ्या नोंदी दिसू द्या.

पण खरं काम त्या चौकोनातच आहे. तो मराठी नीट शोधत नाही! 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द घ्या. त्यातला रफार नसलेला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर वापरून. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही, आणि माणूस म्हणतो, 'ठेवलं होतं राव, कुठं गेलं?' 'ॲप'मधला ॲ तसाच, कधी एक अक्षर, कधी अ वर चंद्र. आकडे कधी मराठी, कधी इंग्रजी. 'वनहक्क' कधी जोडून, कधी तोडून. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तर बोलायलाच नको.

उपाय अवघड नाही. नोंद साठवताना तिची एक दुसरी प्रत फक्त शोधासाठी करायची, आणि त्या प्रतीत सगळं एकसारखं करून टाकायचं: न दिसणारी जोडचिन्हं काढायची, ऱ चा र करायचा, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करायचे, आकडे एकाच लिपीत आणायचे, मोकळ्या जागा गाळायच्या. शोधायच्या शब्दावरही तीच प्रक्रिया करायची आणि मग दोन्ही जुळवायचं. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

आणि इथेच आपलं साधन आपण का बनवायचं, याचं सगळ्यांत पटणारं उत्तर मिळतं. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. 'पाणी'चं 'पानी' होतं, 'जवळ'चं 'जवर'. ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातला माणूस घाईत लिहील तेव्हा तो बोलतो तसंच लिहील, आणि का लिहू नये? तुमच्या शोधप्रतीत ण आणि न एकच करा, ळ आणि र एकच करा. चार नोंदी जास्तीच्या दिसतील, पण हवी ती चुकणार नाही. पुण्यातला किंवा बंगळुरूतला कुणी तुमच्यासाठी हे करणार नाही. त्याला ते सुचणारच नाही. सिरोंचाकडे तेलुगू मिसळतं, भामरागड-एटापल्लीत माडिया. एका वनस्पतीला तीन नावं असतील तर तिन्ही नोंदीत लिहून ठेवायची मुभा तुमच्या साधनात असू द्या.

पत्त्यांचीही थोडी साफसफाई शिकवा त्याला. फेसबुक-व्हॉट्सॲपवरून आलेल्या लिंकेला प्रश्नचिन्हानंतर लांब शेपूट असतं. त्यातलं बरंचसं तुम्ही कुठून आलात याची पाळत ठेवण्यासाठी असतं, ते छाटावं. सरसकट मात्र छाटू नका; बऱ्याच सरकारी संकेतस्थळांवर कागदाचा खरा क्रमांक त्या प्रश्नचिन्हानंतरच असतो. छाटून उघडून बघावं, उघडलं तर ठीक. मराठी विकिपीडियाची लिंक उचलली की ती टक्क्यांच्या चिन्हांनी भरून येते, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन अक्षरांचं होतं. 'गडचिरोली'ची आठ चिन्हं तिथे बहात्तर होतात. घाबरू नका. साधनाला ते उलटं वाचून मराठीत दाखवायला सांगता येतं, प्रत्येक भाषेत त्यासाठी तयार सोय असते.

हा सगळा प्रोग्राम आज कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगून लिहूनही घेता येतो. घ्या, त्यात कमीपणा नाही. पण ओळ न् ओळ वाचा, प्रत्येक ओळ काय करते ते विचारा. साधन बिघडेल तेव्हा दुरुस्त करता यायला हवं, नाहीतर पॉकेट गेलं काय आणि हे गेलं काय, सारखंच.

महत्त्वाच्या पानाची प्रत जवळ ठेवा. पीडीएफ असेल तर उतरवून घ्या आणि फाईलच्या नावात तारीख व संकेतांक टाका. 'डाऊनलोड (१७)' हे नाव नव्हे. साधं पान असेल तर ब्राउझरमधूनच त्याची पीडीएफ होते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पानाचा पत्ता देऊन 'जतन करा' म्हटलं की त्या दिवसाची प्रत तिकडेही राहते आणि तिची स्वतंत्र लिंक मिळते. ती लिंकही नोंदीत टाका. उलट, गायब झालेलं पान आधी तिथे शोधा, पुष्कळदा मिळतं. नाटकांच्या व्हिडिओंना मात्र हे लागू नाही. झाडीपट्टीचे किती तरी प्रयोग कुणाच्या तरी चॅनेलवर आहेत, आणि चॅनेल बंद झालं की गेले. तिथे नाटकाचं नाव, मंडळ, लेखक, गाव, प्रयोगाची तारीख एवढी नोंद तरी आपल्याकडे असावी.

दोन गोष्टी वहीत नकोत. पासवर्ड नकोत, कितीही सोयीचं वाटलं तरी. आणि व्हॉट्सॲपवरून आलेली भरतीची लिंक तपासल्याशिवाय नको. गव्ह-इनने संपणारा पत्ता सरकारी संस्थेलाच मिळतो, पण अर्जाचं पान कधी कधी दुसऱ्याच पत्त्यावर असतं. म्हणून विभागाच्या मूळ पानावर जायचं, तिथल्या जाहिरातीतून अर्जाच्या पानावर पोचायचं, आणि मग ती वाट वहीत नोंदवायची. अभ्यासिकेत बसणाऱ्या दहा पोरांनी मिळून अशी एक तपासलेली यादी ठेवली तर फी उकळणाऱ्या खोट्या पानांपासून दहाही जण वाचतात.

वही एकट्याची असावी, पण प्रती अनेकांकडे. एक तुमच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या मित्राकडे. ग्रामसभेसाठी ठेवत असाल तर वर्षातून एकदा छापून फाईलला लावा. लोकांना कागदावर बोट ठेवून बोलायला आवडतं, आणि वीज गेली तरी कागद वाचता येतो.

तेंदूचा हंगाम उरकला की, पहिला पाऊस पडायच्या सुमारास, सगळ्या लिंका एकदा तपासा. साधनाला प्रत्येक पत्ता उघडून बघायला सांगता येतं, पण त्याच्या उत्तरावर पूर्ण भरवसा ठेवू नका. पान नसतानाही 'सर्व ठीक' म्हणणारी सरकारी संकेतस्थळं आहेत, आणि पान असून प्रोग्रामला आत न घेणारीही. शंका आली तिथे डोळ्याने बघा. जी उघडत नाही तिच्यापुढे 'बंद' लिहा, तारीख टाका, नोंद राहू द्या. तो कागद गरजेचा असेल आणि कुठेच मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात संबंधित कार्यालयाकडे त्याची प्रत मागता येते. अर्जात विभागाचं नाव, कागदाचा विषय, दिनांक आणि संकेतांक लिहावा; यांतलं बरंचसं तुमच्या नोंदीतच सापडेल. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते.